जंगलातली खालची झुडपं काढून टाकली तर जादा नत्र कमी होईल का?

रानवेडा:
गाड्यांचा धूर आणि शेतांतला अमोनिया पावसाबरोबर जंगलात उतरतो, जमिनीत नत्र साचत जातो. माझं मत असं की खालची झुडपं नि गवत कापून बाहेर न्यावं, त्याबरोबर नत्रही जाईल. एवीतेवी जंगलाच्या एकूण वजनात त्यांचा वाटा नगण्यच. त्यांच्यासाठी गळा कशाला काढायचा?

मातीमोल:
वजनावर जाऊ नका हो. समशीतोष्ण जंगलांत जमिनीलगतच्या वनस्पती वजनाने १ टक्क्याहून कमी, पण दरवर्षी पडणाऱ्या पाचोळ्यात त्यांचा वाटा २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पानं मऊ, खनिजं भरपूर, कुजतातही पटकन. शिवाय वर पालवी फुटण्याआधी बर्फ वितळतो, तेव्हा वाहून जाऊ पाहणारी पोषकद्रव्यं हीच चिमुकली रोपं धरून ठेवतात, अशी कल्पना मुलर आणि बोरमन या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडली. तिला 'वसंतातलं धरण' म्हणतात. ते तुम्ही फोडायला निघालात.

रानवेडा:
नत्र वर्षानुवर्षं पडत राहिला तर तुमचं धरण काठोकाठ भरेलच की!

जुनं_खोड:
अमेरिकेत हबर्ड ब्रुक या संशोधनासाठी राखलेल्या जंगलात १९६५ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातलं सगळं जंगल तोडलं, मग तणनाशक मारून काही उगवूच दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्राचं रूप, कित्येक पटींनी वाढलं. मुळंच नाहीत तर नत्र उचलणार कोण?

रानवेडा:
थांबा, तिथे अख्खं जंगल तोडलं होतं आणि तोडलेली झाडं तिथेच पडू दिली. मी फक्त झुडपं म्हणतोय, तीही बाहेर नेऊन.

जुनं_खोड:
ते बरोबर, दाखला जरा ताणला मी.

मातीमोल:
पण बाहेर नेताना एकटा नत्र जात नाही, खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. नायट्रेट झिरपताना आधीच कॅल्शियम, मॅग्नेशियम ओढून नेतं, माती आंबट होते, मुळांना घातक ॲल्युमिनियम सुटं होतं. त्यात झुडपांबरोबर पोटॅश नि स्फुरदही गाडीत भरून पाठवायचं? मध्य युरोपात गोठ्यात अंथरायला पिढ्यान्पिढ्या जंगलातला पाचोळा ओरबाडला, तिथल्या जमिनी अशाच निकस झाल्या.

शेवाळ:
मला वाटायचं जादा नत्राने सगळं झपाट्याने कुजत असेल. हार्वर्डच्या जंगलात १९८८ पासून मुद्दाम नत्र टाकत आले आहेत, तिथे उलटं दिसलं: कुजणं मंदावलं, जमिनीत कार्बन साचला. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडणाऱ्या बुरशीचा जोर ओसरतो. पाइनच्या ज्या पट्ट्यात सर्वांत जास्त मात्रा दिली, तिथे तर झाडंच मरत गेली.

रानवेडा:
स्फुरदाचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण वणव्याचा धोका असेल तिथे झुडपं काढावीच लागतात, त्याचं काय?

मातीमोल:
काढा, पण पट्ट्यापट्ट्याने, मुळं जमिनीत ठेवून. फक्त त्याला नत्रावरचा उपाय म्हणू नका. तो धुराड्यापाशी नि खताच्या गोणीपाशी करायचा असतो.

रानवेडा:
धुराड्यापर्यंत माझा कोयता पोचत नाही ना, म्हणून तर झुडपांवर आलो.