'सार्जंट पेपर' पहिल्यावरून चोविसावा: ही यादी मानायची का?

जुनी_कॅसेट
'रोलिंग स्टोन' मासिकाच्या ५०० सर्वश्रेष्ठ अल्बमच्या यादीत २००३ साली पहिला होता बीटल्सचा 'सार्जंट पेपर' (१९६७). २०१२च्या सुधारित यादीतही तोच. २०२०ला नव्याने मतं मागवली आणि तो थेट चोविसावा! पहिला आला अमेरिकन सोल गायक मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१).

रेकॉर्डवरचा एक सूरही बदललेला नाही, मग घसरला कसा? चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच ध्वनिपट्ट्यांच्या मशीनवर बीटल्स आणि त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी जे उभं केलं, त्यामुळे अख्खा अल्बम सलग ऐकायची सवय लाखो लोकांना लागली. ज्याने वाट पाडली त्याचा मान पुढच्या पिढीच्या मतदानाने कमी होऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बेसलाइन
साफ असहमत. पहिला नंबर तरी कुणी दिला होता? मतदारांनीच ना? २०२०ला तीनशेहून अधिक कलाकार, निर्माते, समीक्षक यांनी आपापले पन्नास अल्बम क्रमाने दिले आणि त्यावरून यादी झाली. सोल आणि हिप-हॉप ऐकत वाढलेली माणसं मत द्यायला आली की क्रम हलणारच.

आणि सलग रचनेचंच म्हणाल, तर 'व्हॉट्स गोइंग ऑन'ची पहिली बाजू लावा. सहा गाणी, एकातून दुसरं निघतं, मध्ये खंड नाही. मार्विनचा भाऊ व्हिएतनाम युद्धावरून परतला, त्याच्याकडून जे ऐकलं ते गाण्यांत उतरलं. त्याच्या रेकॉर्ड कंपनीचे, मोटाउनचे, मालक बेरी गॉर्डी शीर्षकगीत बाजारात आणायलाच राजी नव्हते. जेम्स जेमर्सनचा बेस तर नुसता कान देऊन ऐकावा असा! वादकांची नावंही कव्हरवर छापली. मोटाउनमध्ये हे पहिल्यांदाच घडलं. उलट 'सार्जंट पेपर'वर 'विदिन यू विदाउट यू'साठी दिलरुबा, तबला, तानपुरा वाजवणाऱ्या लंडनमधल्या भारतीय वादकांची नावं नव्हती.

जुनी_कॅसेट
नावं नव्हती हे मलाही सलतं. पण तो अन्याय कंपनीचा, संगीताचा नव्हे. त्या गाण्यात दिलरुबा बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या गळ्यामागून जाते, साथीला बसलेल्या सारंगीसारखी. १९६७ साली पॉपच्या रेकॉर्डवर हे करायला छाती लागते.

खर्ज
जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'बद्दल कुणीच बोलत नाही. २००३ला बारावा, २०२०ला एकतिसावा. जाझ ऐकणारे मतदार कमी, बाकी कारण मला दिसत नाही. गायिका-रॅपर लॉरिन हिलचा अल्बम २०२०च्या यादीत दहावा, आणि २०२४च्या ॲपल म्युझिकच्या शंभरांत पहिला. अल्बम सांगा, आकडे काढून टाका.

बेसलाइन
आकडे हवेतच. बीटल्सच्या वर कोण गेलं हे बघायला म्हणूनच कितीतरी जणांनी मार्विन गे लावला असेल. जुनी_कॅसेट, तुम्ही तो पूर्ण ऐकलाय का?

जुनी_कॅसेट
ऐकलाय, अनेकदा. मला दुसरी बाजू जास्त आवडते, 'इनर सिटी ब्लूज'साठी. तरीही पहिला नाही.