डोल्ड्रम्सला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांसाठी 'तारिणी' या बोटीच्या प्रवासावर लिहितेय. नौदलाच्या सहाजणी १० सप्टेंबर २०१७ला गोव्याहून या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी मारून २१ मे २०१८ला परत आल्या. पहिल्याच टप्प्यात विषुववृत्त ओलांडावं लागतं आणि तिथेच अडलेय. तिथल्या वारा नसलेल्या पट्ट्याला इंग्रजीत डोल्ड्रम्स म्हणतात, भूगोलात त्याला 'विषुववृत्तीय शांत पट्टा' आहे, साधारण ५ अंश उत्तर ते ५ अंश दक्षिण, पण 'शांत' वाचून मुलांना वाटणार की मज्जाच आहे. दुसरा शब्द सुचवा ना.

—

ताई, शांत बिलकुल नसतं. मी शिडाच्या बोटीवर खलाशी म्हणून त्या पट्ट्यातून गेलोय. वारा नसतो पण लांबून आलेल्या लाटा असतातच, त्यामुळे बोट जागच्या जागी डावी-उजवीकडे झुलत राहते, शीड रिकामं होऊन फाडफाड आपटतं, डोलकाठीवर दोर टणटण वाजतो तो रात्रभर, आणि चार तासांची पाळी संपवून खाली आलात तरी झोप लागत नाही कारण आत भट्टी झालेली असते. दुपारी डेकवर अनवाणी पाय टेकवत नाही. आम्ही आपसात 'वारा पडला' एवढंच म्हणायचो.

—

हेच लिहायला आलो होतो!! 'वारा पडणे' आपल्याकडे आहेच की. आमचे आजोबा मालवणहून मुंबईला जाणाऱ्या गलबतावर होते, ते सांगायचे 'वारा पडला नि दोन दिवस तिथंच'. वारा 'सुटतो', शिडात 'भरतो', मग 'पडतो'. मतलई वारे, खारे वारे हे शब्द पाठ्यपुस्तकात आलेच ना, मग हा का नको? पट्ट्याला सरळ 'पडल्या वाऱ्याचा पट्टा' म्हणा.

गीतेत 'यथा दीपो निवातस्थो' आहे, निवात म्हणजे वारा नसलेली जागा. आपलं 'निवांत' मला त्याचंच भावंड वाटतं. दिव्याला ते बरं, शिडाच्या बोटीला नाही.

—

याच विषयातलं अजून एक, जुन्या पुस्तकांत पट्ट्याच्या दोन्ही अंगांना 'व्यापारी वारे' असतात. पण 'ट्रेड विंड्स' या इंग्रजी नावातल्या 'ट्रेड'चा जुना अर्थ व्यापार नाही, वाट. एकाच वाटेने सतत वाहणारा वारा, एवढंच. आपण व्यापार घेतला आणि मुलं पाठ करत बसली. त्यापेक्षा 'पूर्वीय वारे' बरं, दिशा तरी कळते. आणि हे दोन्हीकडचे वारे विषुववृत्तापाशी भेटतात, हवा तापून वर चढते, म्हणून खाली आडवा वारा राहत नाही. मुलांना हे नक्की सांगा.

—

सगळ्यांचे मनापासून आभार, 'पडल्या वाऱ्याचा पट्टा' घेतेय, खाली कंसात शांत पट्टा देईन म्हणजे परीक्षेत गोंधळ नको. आता 'स्क्वॉल' उरला. एकदम काळं ढग येतं, पाच-दहा मिनिटं वारा-पाऊस झोडपतो आणि परत सगळं ठप्प. वादळ म्हणवत नाही.

—

कोकणात वाऱ्याबरोबर आत घुसणाऱ्या पावसाला वावझड म्हणतात, ते बघा. आम्ही मात्र 'सर आली' ओरडायचो आणि एकजण शीड आवरायला, बाकीचे बादल्या घेऊन वर. शिडाच्या खालच्या काठावरून पाणी गळतं, पहिलं खारट, ते सोडून द्यायचं, मग गोडं. आठवड्याने गोड्या पाण्याने डोकं धुवायला मिळायचं ताई, ते जरूर लिहा.