मदत हवी आहे: पॅक्लिटॅक्सेल, पेशीचा सांगाडा आणि आईची बधिर बोटं

नमस्कार मंडळी,

आईला स्तनाचा कॅन्सर आहे. दर आठवड्याला एक असे पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाचे १२ डोस ठरलेत, ७ झाले. पाचव्यानंतर पायाची बोटं बधिर व्हायला लागली. परवा अंगणातून आत आली ती एकाच चपलेवर. दुसरी तुळशीपाशी पडलेली, आणि निसटल्याचं तिला कळलंच नव्हतं. ब्लाउजचे हूकही आता मी लावून देते. डॉक्टरांच्या कानावर घातलंय, डोस कमी करायचा का ते तेच ठरवतील. त्यामुळे औषधाबद्दल सल्ला नकोय, समजून घ्यायचंय. आई रोज एकच विचारते, "गाठ छातीत, मग औषध पायाला का धरतंय?"

मला कळलं ते असं. पेशीच्या आत सांगाडा असतो. त्यातल्या सूक्ष्मनलिका २५ नॅनोमीटर जाडीच्या, ट्युब्युलिन प्रथिनाच्या विटा रचून झालेल्या. त्या सतत जुळतात, सुटतात. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेतात त्या ह्याच. पॅक्लिटॅक्सेल त्यांना सुटूच देत नाही, म्हणून विभाजन अडतं. हे अमेरिकन शास्त्रज्ञ सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये दाखवलं. औषध मूळचं पॅसिफिक यू झाडाच्या सालीतलं. ते शोधणाऱ्या दोघांपैकी मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे! आईचं माहेर शहाद्याचं. हे ऐकून ती कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

आता अडलंय ते इथे. सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं दुसरं औषध बरोबर उलटं करतं, नलिका जुळूच देत नाही. तरी त्यानेही पेशी मरतात आणि हातपाय बधिर होतात. दोन उलट गोष्टींचा परिणाम एकच कसा?

दुसरं, चेतापेशी (न्यूरॉन) तर विभागत नाहीत. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत त्यांचा जवळजवळ मीटरभर लांब तंतू जातो आणि त्यातली मालवाहतूक ह्याच नलिकांवरून चालते. सगळ्यात लांबची टोकं आधी उपाशी पडत असतील, एवढं पटतं. पण पॅक्लिटॅक्सेलने रूळ तर शाबूत राहतात ना? मग गाडी का अडते?

(गाठीतून सुटलेली पेशी ॲक्टिन या सांगाड्यातल्याच दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंच्या जोरावर कशी सरकते, त्यावर वेगळा धागा काढेन.)

जीवशास्त्र किंवा औषधशास्त्रातलं कुणी असेल तर, आईला वाचून दाखवता येईल अशा भाषेत लिहाल का? पुढचा डोस गुरुवारी आहे.