समलिंगी भूमिका कोणी करायच्या? 'तिसरी घंटा' यांना उत्तर

पडद्यामागची

परवा दुसऱ्या एका चर्चेत 'तिसरी घंटा' यांनी लिहिलं होतं, "अभिनय म्हणजे जे आपण नाही ते होणं. खुनी रंगवायला नट खुनी असावा लागतो का? मग समलिंगी भूमिका समलिंगी नटानेच करावी हा हट्ट कशाला? उद्या यातही आरक्षण मागाल." दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

तुलनेला खुनीच का आठवला? डॉक्टर, कोळी, कारकून कोणी नाही आठवला? मधली दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाची साडेचार वर्षं सोडली, तर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कायद्याने आम्हाला गुन्हेगारांच्याच रांगेत उभं केलं होतं. कायदा बदलला, पण तुमच्या तोंडची उपमा तीच राहिली.

मी वेशभूषेत काम करते, बारा वर्षं झाली. एका मालिकेत नायिकेवर प्रेम करणाऱ्या मुलीचं पात्र आणायचं ठरलं. लुक टेस्टला दिग्दर्शक म्हणाले, हिच्या बांगड्या काढा, टिकली काढा, बाह्या कोपरापर्यंत दुमडा, पुरुषी घड्याळ घाला, प्रेक्षकाला बघताक्षणी कळलं पाहिजे. बांगड्या घट्ट होत्या. साबणाचं पाणी लावून एकेक उतरवत होते आणि माझ्या स्वतःच्या हातात तशाच हिरव्या बांगड्या होत्या. मी लेस्बियन आहे. खोलीत आठ-नऊ माणसं होती, एकालाही माझ्याकडे बघून काही कळलं नव्हतं. मीही बोलले नाही. काम जाईल ही भीती होती. ती मुलगी पंधरा-वीस भागांत परदेशी गेली, पुन्हा तिचं नाव निघालं नाही.

भूमिका फक्त आम्हालाच द्या असं मी म्हणतच नाही. स्ट्रेट नटाला सगळ्या भूमिका खुल्या आहेत. एखादा नट उघडपणे 'मी गे आहे' म्हणाला तर त्याला नायक, पोलीस, नवरा या भूमिका मिळत राहतील का? तुमचं 'जे आपण नाही ते होणं' फक्त एकाच बाजूने चालतं, माझा राग त्यावर आहे.

तिसरी घंटा

खुनी हा शब्द चुकला. मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

'अलीगढ' सिनेमा पाहिलात का? त्यातले समलिंगी प्राध्यापक सिरस, आपल्या मराठीचे शिक्षक आणि कवी. मनोज बाजपेयी रात्री एकटा बसून लताबाईंचं गाणं ऐकतो, हातात ग्लास, डोळे मिटलेले, ओठांतल्या ओठांत गुणगुणतोय. सीन कितीतरी वेळ चालतो. मनगट लचकत नाही, घड्याळ लागत नाही, बांगडी लागत नाही. फक्त एकटेपणा दिसतो. हा नट समलिंगी नाही. त्याला ती भूमिका नाकारली असती तर नुकसान कोणाचं झालं असतं?

आणि ज्या रंगभूमीवर बालगंधर्व 'मानापमान'ची नायिका भामिनी झाले, त्यांचं नेसणं बघून घरंदाज बायका लुगडं नेसायला शिकल्या, त्या रंगभूमीला 'कोणी कोणाची भूमिका करावी' हे शिकवू नका.

ओवी

बाजपेयींबद्दल वाद नाही. पण त्या सिनेमाची पटकथा अपूर्व असरानीने लिहिली आणि संकलनही त्यानेच केलं. तो उघडपणे गे आहे. मनगट का लचकत नाही याचं अर्धं उत्तर तिथे आहे. लेस्बियन नायिकेच्या 'एक लडकी को देखा तो ऐसा लगा'ची कथा-पटकथा लिहिताना गझल धालीवाल होती, ती स्वतः ट्रान्स स्त्री आहे. 'पडद्यामागची' यांच्या खोलीत असं कोणी बोलू शकणारं नव्हतं.

बालगंधर्वांचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. ते भामिनी का झाले? 'चांगल्या घरच्या' बाईने रंगमंचावर उभं राहायचं नाही म्हणून. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' सिनेमात फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. आज बाईची भूमिका बाई करते, याला कोणी आरक्षण म्हणतं का?

जुना प्रेक्षक

बालगंधर्वांना या वादात ओढायचं कारण नाही. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पोटची मुलगी गेली आणि तो माणूस तोंडाला रंग लावून उभा राहिला. १९११ सालची गोष्ट. माझ्या आजोबांनी त्यांना ऐकलं होतं, शेवटपर्यंत नाव काढलं की डोळे भरायचे. बायका नव्हत्या म्हणून ते भामिनी झाले, हे म्हणणं त्यांच्या कलेचा अपमान आहे. बायका असत्या तरी लोक त्यांनाच बघायला गेले असते.

ओवी

गेलेच असते. ते थोर नव्हते असं मी कुठे लिहिलं? दार बंद होतं एवढंच लिहिलं. ज्या बायकांचा गळा तितकाच चांगला होता त्यांचं काय झालं? माझी पणजी गायची. घरच्यांनी पेटी विकून टाकली. तिच्यासाठी कोणाचे डोळे भरले नाहीत.

जुना प्रेक्षक

पणजीबद्दल वाईट वाटतं, मनापासून सांगतो. पण प्रत्येक गोष्टीत अन्यायच शोधायचा म्हटलं तर आनंदाने काही बघताच येणार नाही. त्या काळाला त्या काळाच्या मापाने मोजा.

ओवी

मापं घेऊन आले कोण? उदाहरण तुमच्या बाजूनेच आलं होतं. तुम्ही आधी वाचा, मग चिडा.

हवालदार नंबर दोन

भांडणात पडतो. हिंदीत मराठी माणूस म्हणजे काय? मोलकरीण, हवालदार, 'आई गं' म्हणणारी शेजारीण. मी स्वतः अकरा वेळा हवालदार झालोय, एकदाही त्या हवालदाराला नाव नव्हतं. 'बाजीराव मस्तानी'त बाजीराव रणवीर सिंग, काशीबाई प्रियांका चोप्रा. २०१५ मध्ये इथेच किती ओरडा झाला, 'पिंगा' गाण्यावरून तर रणच माजलं. 'आमची काशीबाई आमच्यासारखी दिसली-बोलली पाहिजे' असं म्हणणाऱ्यांत 'तिसरी घंटा' आणि 'जुना प्रेक्षक' दोघंही होते. तेव्हा 'अभिनय म्हणजे जे आपण नाही ते होणं' कुठे होतं?

तिसरी घंटा

तो आक्षेप इतिहासाबद्दल होता. पण ठीक आहे, काशीबाईवरून मी बोललो होतो, नाकारत नाही.

आता तुम्ही उत्तर द्या. ऑडिशनला आलेल्या मुलाला 'तू खरंच गे आहेस का' हे विचारायचं कोणी? किट कॉनर हा इंग्लंडमधला पोरगा, मालिकेत बायसेक्शुअल मुलाची भूमिका केली. लोक इतके मागे लागले की २०२२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला आपण स्वतःही बायसेक्शुअल आहोत हे जाहीर करावं लागलं. ज्यांच्या भल्यासाठी हट्ट धरला त्यांच्यातल्याच एकाला कोपऱ्यात घेतलंत.

ओवी

हे मान्य. फार वाईट झालं ते. पण टॉम हँक्सला १९९३ च्या 'फिलाडेल्फिया' सिनेमातल्या गे भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं आणि २०२२ मध्ये तो स्वतःच म्हणाला की आज ती भूमिका स्ट्रेट नटाने केलेली चालणार नाही आणि ते बरोबरच आहे. त्याला कोणी कोपऱ्यात घेतलं नव्हतं.

बिननावाचा

पहिल्यांदाच लिहितोय. मी गे आहे, नट आहे, घरी माहीत नाही. मागच्या वर्षी नायिकेच्या 'तसल्या' मित्राच्या भूमिकेसाठी गेलो. मला जसं बोलता येतं तसं बोललो. असिस्टंट म्हणाला, "खरं नाही वाटत." मग उठून त्याने करून दाखवलं, मान वाकडी, करंगळी वर, 'हाय हँडसम' म्हणत कॅमेरामनच्या छातीवर हात. सगळे हसले. मीही हसलो. पुन्हा केलं, त्याच्यासारखं. मला भूमिका मिळाली नाही, ज्याला मिळाली तो माझ्यापेक्षा चांगली करंगळी वर करतो. मला कोणी 'तू आहेस का' विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. पण मी जे केलं होतं ते खरं होतं.

पडद्यामागची

बिननावाचा, तुमचं वाचून हात थांबले.

तिसरी घंटा, तो प्रश्न कोणालाही विचारू नये, याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मला हवं आहे ते आधीचं, की न विचारता सांगितलं तरी काम जाऊ नये. तुम्ही हौशी संस्था चालवता, मागे लिहिलं होतंत, "आमच्या तीस जणांत असं कोणी नाही, असता तर आम्ही आनंदाने घेतलं असतं." कोणी नाही हे तुम्हाला कशावरून कळलं?

तिसरी घंटा

उत्तर द्यायला चार दिवस लागले.

कळलं असं नाही, धरून चाललो होतो. एक मुलगा होता, आवाज उत्तम, पाठांतर पक्कं. एकदा तालमीत सगळ्यांसमोर त्याला झापलं होतं, "बायकी बोलू नकोस, राजाची भूमिका आहे." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी राजा बदलला आणि प्रयोग केला. तो गे होता की नाही मला माहीत नाही आणि आता विचारायचंही नाही. पण राजा त्याच आवाजात बोलला असता तर काही बिघडलं नसतं, हे आज वाटतंय.

नटाला त्याच्या खासगी आयुष्यावरून भूमिका देऊ नये हे माझं मत तसंच आहे. काढूही नये, हे त्यात लिहायचं राहिलं होतं.

जुना प्रेक्षक

हे सगळं ठीक. पण ओवी, बालगंधर्वांबद्दलचं तुमचं वाक्य मला अजून मान्य नाही.