विपश्यनेहून आल्यावर घरी ध्यानाला बसणं टिकत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर इगतपुरीला धम्मगिरी केंद्रावर विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं, पहिल्यांदाच. पहाटे चारची घंटा, मौन, मोबाईल जमा, सुरुवातीला साडेतीन दिवस नुसतं आनापान म्हणजे फक्त श्वास बघत बसायचं. मग विपश्यना दिली, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत राहायच्या, आणि दिवसातून तीनदा अधिष्ठानाचा तास, हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पाचव्या दिवशी गुडघे इतके ठणकले की डोळ्यांतून पाणी आलं, पण नवव्या दिवशी तोच तास कधी सरला कळलंच नाही. इतकं शांत मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

निघताना सांगितलं होतं, घरी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. तीन आठवडे केलं. मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यात लेकाची दहावी, आमचं वन बीएचके, पहाटे बसायचं तर स्वयंपाकघरातच आणि साडेपाचला पाणी येतं, ते भरायला उठावंच लागतं. एक दिवस चुकला की इतकं मनाला लागतं की दुसऱ्या दिवशी बसायचीच भीती वाटते, मग आठवडा जातो. वेळेपेक्षा हेच जास्त नडतंय.

शिबिरात आसनं करायला परवानगी नसते म्हणून माझे रोजचे बारा सूर्यनमस्कारही तेव्हा बंद केले, ते परत सुरूच झाले नाहीत. आता कंबर धरते.

जुन्या साधकांना विचारायचंय. एक तास जमत नसेल तर वीस मिनिटं रोज बसलं तर चालेल का, की त्याने सवयच मोडते? नमस्कार बसण्याआधी घालता की नंतर? आणि गुडघे दुखतात म्हणून घरी खुर्चीवर बसणारं कोणी आहे का? शिबिरात खुर्ची मिळत होती पण मी मागितली नाही.

वेळ काढला की मिळतो हे कृपया सांगू नका, भरल्या घरात तुम्ही नक्की कुठे आणि कधी बसता तेवढं सांगा.

*

लिहायचं राहिलं, डोंबिवली-कल्याणकडे रविवारची सामूहिक साधना कुठे होते का? चार लोकांत बसलं की माझं मन लवकर लागतं, हे तिथेच लक्षात आलं होतं.