तारणाची वस्त्रे: बाप्तिस्म्याच्या वर्गात कसे शिकवावे?

वर्गशिक्षिका, नवापूर
जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत नाताळाआधी बाप्तिस्मे आहेत. त्याच्या वर्गात एक तास ‘तारणाची (म्हणजे पापापासून सुटकेची) वस्त्रे’ या विषयाला आहे. वर्गात बहुतेक मावची आणि भिल्ल आदिवासी घरांतली तरुण मुलंमुली. दोन ठिकाणी अडते. यशया ६१:१० मध्ये देव वस्त्र नेसवतो, पण प्रकटीकरण १९:८ मध्ये तेच तलम तागाचे वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्ये. मग ते मिळते की आपणच विणायचे? दुसरे म्हणजे बाप्तिस्म्याला पांढरी साडी म्हटली की घरच्या बायका विचारतात, नवरा जिवंत असताना पांढरे कशाला? काय सांगावे?

पाळक, धुळे
ताई, सुरुवात यशयापासून करू नका, उत्पत्ती ३ पासून करा. सातव्या वचनात आदाम-हव्वा अंजिराची पाने स्वतः शिवतात; एकविसाव्यात देव चामड्याची वस्त्रे करून त्यांना घालतो. पुढचा सगळा विषय या दोन वचनांत आहे. चामडे म्हणजे एक जीव गेला, हे अनुमान सांगायला हरकत नाही. मात्र तिथे ‘यज्ञ’ शब्द नाही, तेव्हा अनुमान म्हणूनच सांगा.

मग जखऱ्या ३:१-५. यहोशवा मुख्य याजक मळक्या वस्त्रांत उभा, शेजारी सैतान आरोप करायला. इथे क्रम फार महत्त्वाचा: आधी मळकी वस्त्रे उतरवतात, ‘तुझा अधर्म दूर केला’ असे सांगतात, नंतर उंची वस्त्रे आणि डोक्याला शुद्ध मंदील. वर्गात करून दाखवताना पुष्कळ शिक्षक मळका सदरा अंगात तसाच ठेवून वरून पांढरी शाल टाकतात. मुले घरी काय घेऊन जातात? पाप झाकले जाते, आत तसेच राहते. म्हणून मळके आधी उतरवा, बाजूला ठेवा, मगच स्वच्छ घाला. आणि घालणारा दुसरा माणूस असू द्या, मुलाने स्वतः घालायचे नाही. त्या पूर्ण प्रसंगात यहोशवा एक शब्द बोलत नाही, हेही दाखवा.

आता प्रकटीकरण १९:८. ते वचन नीट वाचा: नेसायला तिला, म्हणजे कोकऱ्याच्या (ख्रिस्ताच्या) वधूला, ‘दिले आहे’. देणे आणि नीतिकृत्ये एकाच वाक्यात आहेत. शेजारी ७:१४ ठेवा, तिथे झगे कोकऱ्याच्या रक्तात धुतलेले आहेत. वस्त्र आधी मिळते, त्यात चालणे नंतर येते. कलस्सै ३ मध्येही पौल आधी ‘जुना मनुष्य काढून टाकला आहे’ म्हणतो (वचन ९) आणि मग करुणा, नम्रता, सहनशीलता परिधान करायला सांगतो (वचन १२). हा क्रम उलटा शिकवला तर मुले चांगले वागून तारण कमवायला निघतात, आणि चार महिन्यांत थकतात.

धर्मशिक्षक, भुसावळ
कॅथलिक बाजूने थोडी भर. १५४७ च्या ट्रेंट परिषदेच्या निर्णयातही हा झगा आहे: ख्रिस्ताकडून मिळालेला, आणि निष्कलंक जपायचा. देव पाप्याला केवळ नीतिमान गणतो की आतून नीतिमान करतोही, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांत वाद झाला. १९९९ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला लुथरन (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) आणि कॅथलिकांनी संयुक्त घोषणेवर सही केली. तारण कृपेने, आपल्या पुण्याईने नव्हे, हे दोघांनी मान्य केले. आमच्या विधीत बालकाला तेलाच्या अभ्यंगानंतर पांढरे वस्त्र आणि मग पेटती मेणबत्ती देतात. आधार गलती ३:२७.

वर्गशिक्षिका, नवापूर
आभारी आहे. मत्तय २२ मध्ये राजाच्या लग्नमेजवानीतून बाहेर काढलेला, लग्नाचा पोशाख नसलेला माणूस आहेराचा दाखला देऊन समजावता येईल का? इकडे लग्नात कपड्यांचा आहेर सगळ्यांना माहीत आहे.

शास्त्र-अभ्यासक, जळगाव
आहेर नको. आहेर वहीत लिहिला जातो आणि देणाऱ्याच्या घरच्या लग्नात फेडावा लागतो. मुलांच्या डोक्यात लगेच परतफेड येईल, आणि इथे नेमके तेच टाळायचे आहे.

राजा दारातच पाहुण्यांना पोशाख वाटायचा, हे प्रवचनात ठामपणे सांगतात. त्या काळी तिकडे तसा सर्रास रिवाज होता याला पक्का पुरावा नाही. त्यावर शिकवण उभी करू नका. दाखल्यातच पुरेसे आहे: आमंत्रण रस्त्यावरच्या बऱ्यावाईट सर्वांना गेले, आणि विचारल्यावर त्या माणसाला उत्तर देता आले नाही. प्राचीन मंडळीचा शिक्षक ऑगस्टीन पोशाखाचा अर्थ प्रीती असा लावतो. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन म्हणतो, विश्वास की पवित्र जीवन हा वाद इथे व्यर्थ आहे, दोन्ही वेगळे होत नाहीत. मला कॅल्विनचे पटते.

सेविका, नंदुरबार
पांढऱ्या साडीबद्दल. शास्त्रात बाप्तिस्म्यासाठी रंगाची आज्ञा कुठेच नाही, हे घरच्यांना आधी सांगा. प्रकटीकरण ३ मध्ये पांढरे वस्त्र विजय मिळवणाऱ्याचे आहे. लावदिकीया तर काळ्या लोकरीसाठी प्रसिद्ध शहर, त्यालाच प्रभू पांढरी वस्त्रे घ्यायला सांगतो. एवढे सांगूनही सासूबाईंचे मन दुखत असेल तर हिरव्या किंवा लाल काठाची, नाहीतर फिकट पिवळी साडी चालू द्या. रंगापायी कोणाचा बाप्तिस्मा पुढे ढकलू नका.

पाण्यात उतरायचे असेल तर पातळ मलमल नको, भिजली की अंग दिसते. जाड सुती कापड आणि आत गडद परकर हवा. झगा असेल तर खालच्या दुमडीत चार-पाच नाणी शिवा, म्हणजे तो वर तरंगत नाही. पाणी कमरेएवढे पुरे. डिसेंबरात इकडे पहाटे कडक थंडी असते, म्हणून दहानंतरची वेळ ठेवा. बायकांसाठी काठावर आडोसा आणि कोरडे कपडे आधीच नावानिशी पिशव्यांत तयार असावेत.