आमच्या घरच्या मारव्यात षड्ज यायचाच नाही

रामबागवाली:
आधी कबुली देऊन टाकते. ओरखडा मी पाडला. १९७६ साल, वय आठ. बाबा ऑफिसातून यायच्या आत रेकॉर्ड लावून ठेवायची, दारातच त्यांना ऐकू येईल, असा बेत होता. स्टुलावर चढले, सुईचा दांडा उचलला आणि हातातून सटकला. गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० ची एलपी, एका बाजूला राग मारवा, दुसऱ्या बाजूला राग दरबारी. बाबांकडे सगळ्या मिळून अकरा रेकॉर्डी होत्या, पण घरात नुसतं 'रेकॉर्ड' म्हटलं की हीच.

बाबा रागावले नाहीत, ते जास्त वाईट. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून बघितली आणि म्हणाले, "बारीक आहे, उडेल जरा."

उडायची. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, खाँसाहेब कोमल रिषभाशी घुटमळतात, धैवतावर जातात, परत येतात, आता षड्जावर, म्हणजे सा वर, टेकणार असं वाटतं, आणि नेमकं तिथे 'टक्'. पुढचा आवाज येईतो ते दुसरीकडेच पोचलेले. त्या एका जागी आमच्या घरी सा कधी आलाच नाही. मी तेहेतीस वर्षं, म्हणजे २००९ मध्ये बाबा गेले तोपर्यंत, ही रेकॉर्ड तशीच ऐकली. बाबा त्या जागी मान हलवून तो सा स्वतःच घालायचे, अगदी खालच्या आवाजात. म्हणजे खरं तर यायचा, पण बाबांचा.

वेळ ठरलेली. दिवेलागण. आई देवापाशी दिवा लावायची आणि रोज म्हणायची, "तिन्हीसांजेला काय हो हे उदास लावता!" बाबांचं उत्तरही रोजचंच, "अगं, हा याच वेळचा आहे." दरबारी सगळे झोपल्यावर. हा क्रम फक्त एकदा मोडलेला मला आठवतो. १९७४ च्या फेब्रुवारीत खाँसाहेब कलकत्त्याला मोटार अपघातात गेल्याची बातमी आली, तेव्हा मी सहा वर्षांची. त्या दिवशी बाबांनी दिवेलागणीलाच दरबारी लावला. आई काही बोलली नाही.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात भाच्याने फोनवर तोच मारवा लावून दिला, स्वच्छ, ओरखडा नसलेला. ती जागा आली. आणि सा आला! मला अक्षरशः दचकायला झालं. पाहुणे न सांगता घरात शिरावेत तसं. सुंदर होता, पण ओळखीचा नव्हता.

दोन प्रश्न. एक, तुमच्याकडेही असं काही आहे का, चुकीचं ऐकलेलं आणि तेच बरोबर वाटणारं? दोन, बाबांचा रेकॉर्ड प्लेअर, एचएमव्ही फिएस्टा, अजून फिरतो, पण सुई गेली आहे, कुठे मिळेल? इथे इंदूरला जेल रोडवर विचारलं तर पोरगा म्हणाला, "आंटी, ब्लूटूथ ले लो."

टेपवाला_देवास:
ताई, आहे ना! माझ्याकडे कुमारजींच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या, निर्गुणी भजनाची कॅसेट आहे, आकाशवाणीवरून भरलेली. भरलेली म्हणजे काय, रेडिओच्या तोंडासमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरात सगळ्यांना 'शूऽऽ' करून. १९८४-८५ असेल, इंदूरला काकूकडे, परदेशीपुऱ्यात. कुमारजी एक ओळ म्हणून थांबतात. ते थांबणं तुम्हाला माहीत आहे, लहान लहान तुकडे आणि मध्ये मोकळी जागा, क्षयातून उठलेल्या माणसाने शोधलेली. त्या मोकळ्या जागेत माडीवरून काकूची आरोळी: "नर्मदाऽऽ आली गंऽऽ!"

इंदूरबाहेरच्यांसाठी: १९७८ मध्ये नर्मदेचं पाणी शहरात आलं, तेव्हापासून आमच्याकडे नळ येत नाही, नर्मदा येते.

पुतण्याने ती कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली, वर कौतुकाने आवाज 'साफ' करून दिला. काकू गायब! मी म्हटलं, भिया, काकूला परत आण. ती आता नाहीये, तिचा आवाज फक्त तिथेच आहे. आणली त्याने. आता निर्गुण भजनात पुन्हा नर्मदा येते.

खर्ज:
सुईबद्दल. फिएस्टात सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) असतं, त्याच्या सुया अजून मिळतात, पण जुनी सुई काढून सोबत न्या, नुसतं मॉडेल सांगून चालत नाही. नीलमणीची सुई लवकर झिजते, हिऱ्याची घ्या. आणि एक विचारतो, राग मानू नका: बाबांनी दांड्यावर चार आणे ठेवले होते का?

रामबागवाली:
अय्या! तुम्हाला कसं कळलं? सेलोटेपने चिकटवलेले होते. अजून आहेत.

खर्ज:
सगळ्यांच्या घरी होते. चार आण्याचं ते नाणं अडीच ग्रॅमचं. वजन वाढलं की सुई खाचेत दाबून बसते, कमी उडते, आणि खाच खरवडत जाते. आधी बारीक, वरचे आवाज जातात. तंबोऱ्याचा झंकार बोथट झाला असेल बघा. नाणं काढा आधी.

तुमच्या सा चा हिशेब सोपा आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदाचा. सुई एक खाच उडाली की बरोबर १.८ सेकंद गेले. त्या झुमरा तालात मात्रा चारेक सेकंदांची तरी आहे, म्हणजे तुमच्याकडे अर्धी मात्रा कमी. चौदा मात्रांचा ताल तुमच्या घरी साडेतेरात समेवर, म्हणजे परत पहिल्या मात्रेवर, यायचा. तबला शिकणारं कोणी घरात नव्हतं हे बरं झालं.

धुणं: डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल. लेबल भिजू देऊ नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डींना स्पिरिट चुकूनही लावू नका, त्या लाखेच्या असतात, विरघळतात.

बडोदेकर_६१:
मला हे कौतुक पटलं नाही, स्पष्टच सांगतो. मारव्यात षड्ज लांबणीवर टाकायचा असतो, टाळायचा नसतो. पंचम वर्ज्य, मध्यम तीव्र, रिषभ कोमल, टेकायला जागाच नाही, म्हणून तर जीव टांगणीला लागतो. मग तो सा येतो तेव्हा किंमत कळते. मी बडोद्याच्या संगीत महाविद्यालयात दोन वर्षं संध्याकाळी जायचो. गुरुजी मारवा शिकवताना सा लावला की तंबोऱ्यावरचा हात थांबवून बघायचे, "एवढी घाई?" पण शेवटी लावायलाच लावायचे. तुमच्याकडे खाँसाहेबांनी पानात सगळं वाढलं आणि तूप वाढायच्या वेळी तुम्हाला पंगतीतून उठवलं. तेहेतीस वर्षं!

आता एक मान्य करतो. तंबोऱ्यात तो वाजतच होता सगळा वेळ. गाणारा जातो-येतो, तंबोरा तिथेच असतो. आणि वडील सा घालत होते हे वाचून जरा थांबलो. तेवढं सोडून बाकीच्याशी असहमत.

सिलोन_बुधवार:
आमच्याकडे रेकॉर्ड-बिकॉर्ड काही नव्हतं, ग्वाल्हेरला किराणा दुकान आणि एक रेडिओ. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा जवळ यायचा, लांब जायचा, ऐन अंतऱ्याला हमखास लांब. मी लहानपणी समजत होतो गाणं असंच असतं, लताबाई गाता गाता खोलीतून बाहेर जाऊन येतात. कॉलेजात मित्राकडे टेपवर पहिल्यांदा सलग गाणं ऐकलं तेव्हा सपाट वाटलं होतं. बाकी लताबाई जन्मल्या तुमच्या इंदूरला, १९२९ मध्ये, आणि धागाभर त्यांचं नाव नाही? म्हणून मी घेतलं.

रामबागवाली:
बडोदेकर काका, तूप उशिरा का होईना, वाढलं गेलं. सांगते.

सुई मिळाली, हिऱ्याची. जुनी सोबत नेली म्हणूनच मिळाली, खर्ज यांचे आभार. चार आणे काढले, सेलोटेपचा डाग राहिलाय, राहू दे. रेकॉर्ड धुतली, खाचेतून काळपट गाळ निघाला, पन्नास वर्षांची उदबत्ती असणार. रविवारी दिवेलागणीला लावली. आई ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, तरी स्पीकरजवळ खुर्ची ओढून बसली. "उदास लावू नको" म्हणालीच.

ती जागा आली. मी श्वास धरून. 'टक्' झालं, पण सुई उडाली नाही. सा आला, पूर्ण, लांब.

आईने डोळे उघडले आणि विचारलं, "ही नवीन आणलीस का गं? आपली कुठे गेली?"

मी सांगितलं, तीच आहे. तिला पटलेलं नाही. कपाटात बाकीच्या दहा तपासून आली.

टेपवाला_देवास:
तुमच्या आईंना सांगा, चार आणे परत चिकटवतो म्हणून!

खर्ज:
अजिबात नाही.